मारुतीला जागा पाहिजे

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना माझ्याकडून कोणाच्या काही अपेक्षा राहणार नाहीत. रोह्याच्या एका शाळेत मी निवृत्त होईपर्यंत ग्रंथपाल होतो. एखादे शिक्षक रजेवर गेले आणि मला वर्गावर पाठवायची वेळ आली, की मला खरोखरचा ताप यायचा. पुस्तकं बरी. ती कपाटात उभी असतात आणि उलट प्रश्न विचारत नाहीत.

अशा माणसाच्या गळ्यात जावयाने मोटार बांधली.

ध्रुव, म्हणजे आमचा जावई, नोकरीसाठी मस्कतला निघाला. अंतराला दिवस गेले होते, म्हणून ती बाळंतपण होईपर्यंत आमच्याकडे राहणार होती, आणि तिच्याबरोबर त्याची गाडीही. जाताना तो मला एवढंच म्हणाला, "बाबा, हिला रिक्षात बसवू नका." त्यामागचं कारण सांगायची गरज नव्हती. मागच्या खेपेला एका रिक्षाच्या प्रवासानंतर जे झालं, त्याबद्दल आमच्या घरात कोणी बोलत नसे. दोष रिक्षाचा होता की नव्हता, देव जाणे. पण रिक्षाचा आवाज ऐकला की अंतरा अजून भिंतीला हात लावून उभी राहायची. पेणच्या डॉक्टरीणबाईंनी या वेळी बजावलं होतं, हादरा नको आणि वेळ आली की पोचायला उशीर नको. रोह्याहून पेण गाठायचं म्हणजे उशीर ठरलेलाच. तेव्हा पेणला भाड्याने घर घ्यायचं, घराच्या खालीच गाडी ठेवायची आणि वेळ येताच मुलीला गाडीत बसवायचं, असं ठरलं. हे माझी पत्नी श्यामला हिने ठरवलं. मी मान हलवली.

गाडी आमच्या आळीत शिरत नव्हती, म्हणून घर सापडेपर्यंत ती भाताच्या गिरणीसमोर उघड्यावर उभी होती. रंग उडेल या भीतीने श्यामलाने तिच्यावर दोन जुन्या साड्या पांघरल्या. सकाळ-संध्याकाळ मी छत्री घेऊन तिची खुशाली बघायला जात असे. शेजारचे काळुराम रोज एकच सल्ला द्यायचे. "विष्णुपंत, स्टेशनात नेऊन उभी करा की. रोह्याला सगळ्या गाड्या थांबतात." एवढं बोलून ते स्वतःच हसायचे आणि मीही, भीड म्हणून, हसायचो. रोज हसायचो.

आता एक व्याकरणाची अडचण सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. गाडी मारुती होती. लोक सर्रास म्हणतात, 'मारुती घेतली', 'मारुती बंद पडली'. माझ्या जिभेला ते जमेना. अंजनीचा तो पुत्र, जन्मभर ब्रह्मचारी, आणि त्याला 'ती' म्हणायचं? घरात मी 'गाडी' म्हणून वेळ मारून नेत असे. पण मारुती म्हणायचीच वेळ आली तर मी 'आमचा मारुती' म्हणत असे. श्यामला म्हणायची, "अहो, लोकांना कळायला नको का?" मी म्हणायचो, शुद्ध बोललेलं लोकांना कळतं.

पेणला मी एस.टी.ने खेपा घालू लागलो. घरं होती, पार्किंग नव्हतं. पहिल्या मालकांनी मला गोठा दाखवला. त्यांचं म्हणणं, म्हैस दिवसा चरायला जाते, तेव्हा गाडी दिवसाची ठेवा. रात्री म्हशीला सांगून बघू, असं ते म्हणाले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर ते होतं. दुसरीकडे अंगण झकास होतं. मी हो म्हणणार तोच मालकीणबाई म्हणाल्या, "फक्त आमच्या दोन मुलींची लग्नं व्हायचीत, मांडव इथंच पडेल." केव्हा, असं विचारल्यावर त्या डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "स्थळं कुठं येतायत?" मी त्यांचं सांत्वन करून परत आलो. तिसऱ्या घरी मी बेल वाजवली आणि आतून कुत्रा भुंकला. ते घर मी पाहिलेलं नाही.

शेवटी एका पानवाल्याने पुंडलिकशेठचं नाव सांगितलं. खाली खांब, खांबांवर दोन मजले. पहिला मजला रिकामा. खांबांच्या मधल्या जागेला चहूबाजूंनी ताडपत्री लावलेली. आत डोकावायला हवं होतं, हे मला आता कळतं. पण दुसऱ्याच्या ताडपत्रीत डोकावणं मला जन्मात जमलेलं नाही.

पुंडलिकशेठ बाहेर बाकावर बसले होते. पन्नाशीचे, काटक, कोपरापर्यंत पांढऱ्या मातीने माखलेले. मला वाटलं, घराला चुना लावत असतील.

"जागा पायजे व्हय?"

"हो. दोन खोल्या पुरतील. आणि..." इथे मी नेहमीप्रमाणे अडखळलो. "आणि आमचा एक मारुती आहे. त्याला खाली जागा हवी."

पुंडलिकशेठ सरळ होऊन बसले. "मारुती? घरातला?"

"जावयाचा."

"सध्या कुठं ठेवलाय?"

"रोह्याला, भाताच्या गिरणीसमोर. उघड्यावर."

"उघड्यावर?" त्यांनी हळहळून मान हलवली. "वर छप्पर नाय?"

"साड्या टाकल्या आहेत."

"साड्या?" ते म्हणाले. "बरं. शेंदूर हाय ना?"

पेणला तांबड्या रंगाला शेंदूर म्हणत असावेत, असं मला वाटलं. "नाही, पांढराच आहे. जावयाला पांढरा आवडतो."

"असतात तशी लोकं. मोठा हाय?"

गाडीबरोबर आलेली पुस्तिका मी पाठ केली होती. अनोळखी वस्तूची भीती वाटली की मी तिच्याबद्दल वाचून काढतो. "अकरा फूट असेल. वजन साडेसहाशे किलो."

"म्हंजे दगडीच. मग उचलून कसा आननार?"

"उचलायला कशाला लागतोय? चालत येईल."

पुंडलिकशेठ माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मातीचे हात एकमेकांना जोडले आणि कपाळाला लावले. त्यांच्या नमस्काराने मी संकोचून गेलो. भाडेकरूला एवढा मान रोह्यात कोणी देत नाही.

"शनवारी आना," ते म्हणाले. "खाली आपला कारखाना हायच. त्यातला पुढचा कोपरा त्याचा. वाजंत्री सांगू?"

"नको, नको. मला मोठ्या आवाजाचा त्रास होतो."

"बरं. मग सादंच करू."

परतीच्या एस.टी.त मी त्या शब्दावर खूश होतो. कारखाना. तोफा ठेवायच्या तो तोफखाना, हत्ती ठेवायचे तो पीलखाना, तशी कार ठेवायची तो कारखाना. 'पार्किंग'ला इतका सरळ मराठी शब्द पेणच्या साध्या माणसांनी घडवावा, आणि आम्ही शब्दकोश उशाला घेऊन झोपणाऱ्यांनी तोंडात बोट घालावं. घरी आल्यावर मी श्यामलाला म्हणालो, "कारखाना आहे. प्रशस्त." ती म्हणाली, "आवाज येईल की हो." मी म्हणालो, "एका गाडीचा कितीसा येणार?"

गणपतीच्या मूर्तींसाठी सगळ्या मुलखात नाव असलेल्या गावात कारखाना म्हणजे काय, हे न कळणारा मराठी माणूस मी एकटाच असेन.

शनिवारी विठू नावाच्या ड्रायव्हरने गाडी पेणला आणली. मागे अंतरा आणि श्यामला, पुढे मी, मांडीवर शब्दकोश. वळणावरून पाहिलं तर घरापुढे सडा घातलेला, रांगोळी काढलेली. पुंडलिकशेठ धुतलेल्या धोतरात उभे. शेजारी त्यांच्या पत्नी काशीबाई, हातात ताट, ताटात नारळ, तेलाची वाटी आणि रुईच्या पानांची माळ. मागे कारखान्यातली माणसं अनवाणी, हात जोडून. समोरचा किराणावाला बाबाजीसुद्धा दुकान सोडून आला होता.

गाडी थांबली. सगळे गाडीच्या मागे बघत राहिले.

"मारुती मागून येतोय व्हय?" पुंडलिकशेठनी विचारलं.

"हाच," मी म्हणालो.

"ह्यो?"

तेवढ्यात वाऱ्याने ताडपत्री वर गेली. आत ओळीने, फळ्यांवर, जमिनीवर, एकमेकांना खेटून, पांढरे न रंगवलेले गणपती बसलेले. त्यांना अजून डोळे काढलेले नव्हते, तरी सगळे माझ्याकडेच बघताहेत असं मला वाटलं. कारखाना या शब्दाची मी केलेली फोड माझ्या डोळ्यांसमोर कोसळून पडली. श्यामला माझ्याकडे बघत नव्हती. ते जास्त वाईट होतं.

बाबाजी हसायला लागला. एकाचं हसू दुसऱ्याला लागलं. पुंडलिकशेठ मात्र हसले नाहीत. ते शरमले होते, माझ्याइतकेच. त्यांनी आळीभर सांगून ठेवलं होतं की साडेसहाशे किलोचा दगडी मारुती रोह्याहून स्वतः चालत येतोय.

"मास्तर," ते हळू आवाजात म्हणाले, "माझा धंदा हाय तिथं. मोटार कुठं ठेवू?"

"मी मास्तर नाही, ग्रंथपाल," असं मी पुटपुटलो. वेळ काय, मी बोलतोय काय. घाबरलो की मी चुका दुरुस्त करू लागतो.

काशीबाई एवढा वेळ गाडीकडे बघतच नव्हत्या. दार धरून सावकाश उतरणाऱ्या अंतराकडे बघत होत्या. त्यांनी ताट नवऱ्याच्या हातात दिलं. "कितवा गो बाय?"

"तिसरा."

"मंग उन्हात कशाला उभी? आत ये." आणि नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "शनवारचा दारात आलाय. परत धाडनार व्हय?" त्यांनी रुईची माळ उचलून गाडीच्या आरशाला अडकवली आणि टपावर तेलाचं बोट लावलं. मारुतीला जागा मिळाली.

सुरुवातीचे महिने बरे गेले. गाडी पुढच्या कोपऱ्यात, मागे गणपती, मध्ये चांगली वाट. दर शनिवारी काशीबाई आरशाची माळ बदलायच्या. आता हे थट्टेने की श्रद्धेने, ते त्यांच्या तोंडावरून कळत नसे आणि विचारायची माझी हिंमत नव्हती. आमच्या वरच्या मजल्यावर धनेश राहायचा. तो डोलवीला कंपनीत जीपवर ड्रायव्हर होता. तीन शिफ्टमध्ये त्याचं आयुष्य वाटलेलं, त्यामुळे जिन्यात भेटला की तो कामावर निघालाय की झोपायला, ते ओळखू येत नसे. वेळ आली तर गाडी मी चालवेन, असं त्याने आपणहून सांगितलं. सल्लाही आपणहून दिला.

"काका, गाडी आताच बाहेर काढून ठेवा. श्रावनात इथं हात शिरायचा नाय."

"पुंडलिकशेठना सांगतो."

"आजच सांगा."

"आजच."

मी खाली गेलो. वाक्य पाठ केलं होतं: पुंडलिकशेठ, आमच्या गाडीला बाहेर पडायला तेवढी वाट राहू द्या. ते एका मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होते. श्वास रोखून, एका केसाच्या ब्रशाने. मी थांबलो. डोळा पुरा झाला, त्यांनी श्वास सोडला आणि वर बघितलं. "बोला मास्तर."

"काही नाही. डोळे छान आलेत."

"बसा, चा घ्या."

असं दर आठवड्याला होत गेलं. मी वाट मागायला जायचो आणि डोळ्यांची तारीफ करून, चहा पिऊन यायचो. पुंडलिकशेठ बाबाजीला सांगू लागले की मास्तरांना कलेतलं कळतं. मग तर बोलणं आणखी अवघड झालं. आषाढातल्या एका दिवशी ते स्वतःच म्हणाले, "मास्तर, तुमच्या मारुतीच्या टपावर चार ल्हान मूर्ती वाळत ठेवू?" मी म्हणालो, "ठेवा की." माझ्या तोंडातून ते शब्द बाहेर पडताना मी त्यांना बघत होतो आणि अडवू शकत नव्हतो.

श्रावण लागला. पावसाने मूर्ती वाळेनात, म्हणून त्या हलेनात. नव्या होत राहिल्या. टपावर चार होत्या त्या बाराएक झाल्या, मग बॉनेटवर एक फळी आली. गाडीच्या पुढे गुडघाभर उंचीचे, त्यांच्यापुढे कमरेएवढे, आणि दाराशी मुंबईच्या कुठल्याशा मंडळाचे दोन थोर. रंगाला धूर लागेल म्हणून रविवारी गाडी नुसती सुरू करून बघायची धनेशची पद्धतही बंद पडली. शेवटी फक्त मागची काच दिसायची, तीही वाकून.

रात्री मला झोप लागेना. डोळा लागला तर सोंडा दिसायच्या. श्यामलाला मात्र मी हिशेब समजावून सांगत असे: डॉक्टरीणबाईंनी तारीख गणपती गेल्यानंतरची दिली आहे. चतुर्थीच्या आधी सगळ्या मूर्ती जाणारच. म्हणजे वाट आपोआप मोकळी होते. कोणाला दुखवावं लागत नाही.

"हे बाळाला कळवलंय का?" श्यामला म्हणाली.

बाळाला कळवलेलं नव्हतं. चतुर्थी अजून समोर होती, दुपारची जेवणं झाली होती, बाहेर असा पाऊस होता की समोरचं बाबाजीचं दुकान दिसत नव्हतं. मी आरामखुर्चीत पुस्तक उघडलं आणि आतल्या खोलीतून अंतराने हाक मारली. "बाबा." मोठ्याने नाही. ज्या आवाजात तिने मागच्या खेपेला हाक मारली होती, त्याच आवाजात.

श्यामला आत गेली आणि लगेच दारात आली. "गाडी काढायला सांगा."

मी जिना कसा उतरलो ते आठवत नाही. खाली पुंडलिकशेठ आणि त्यांची तीन माणसं शेवटचे रंग देत होती. मी म्हणालो, "अंतरा." एवढंच म्हणालो. पाठ केलेलं वाक्य कुठे गेलं होतं देव जाणे.

पुंडलिकशेठनी गाडीकडे बघितलं, मग मूर्तींकडे, मग बाहेरच्या पावसाकडे. त्यांनी हातातला ब्रश डब्यात टाकला. "मास्तर, रंग ओले हायत. ह्या पावसात बाहेर काढल्या तर सगळा माल धुऊन जाईल. वर्षाचं पोट हाय माझं."

"मग रिक्षा आणू का?" एक माणूस म्हणाला.

"नको," मी म्हणालो.

काशीबाई मागच्या दाराने आल्या. त्यांनी वरून आलेला कण्हण्याचा आवाज ऐकला होता. "काढा मूर्ती," त्या म्हणाल्या.

"अगो, पावसात?"

"मंग काय, पोरीला थांबवून धरू?"

 आता माझं काहीतरी मोडणार होतं नाहीतर त्यांचं. त्या क्षणी माझ्या आयुष्यातली पहिली धाडसी कल्पना मला सुचली.

"जिना," मी म्हणालो. "जिना कोरडा आहे. पायरी-पायरीवर ठेवू."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मग सगळे हलले. तुम्हाला सांगतो, लोक आपण म्हणू तसं करताहेत हा अनुभव फार चमत्कारिक असतो. कामावरून आलेला धनेश वर झोपला होता, त्याला उठवलं. बाबाजी डोक्यावर पोतं घेऊन धावत आला. ओळ लागली. हातातून हातात गणपती वर जाऊ लागले. खालच्या पायरीपासून एकेक पायरी भरू लागली. ती पुरी झाली की वरची. मी मधे उभा राहून "सांभाळून, सोंड, सोंड" म्हणत होतो. रंग लागलेल्या मूर्ती कडेला, मोठ्या वळणावर. थोर दोघांना तिघांनी उचलून जिन्याच्या तोंडाशी, एका बाजूला आणलं. वाट झाली. धनेश गाडीत शिरला, किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. तीन आठवडे सुरू न केलेली गाडी. मी पुंडलिकशेठकडे बघितलं. मला वाटतं, माझी मान थोडी ताठ झाली होती.

गाडी हळूहळू पुढे येत रस्त्यावर, पावसात उभी राहिली. धनेशने हॉर्न दिला.

तेव्हा वरून श्यामलाचा आवाज आला. शांत, म्हणूनच भयंकर. "अहो, आता हिला मी खाली कुठून आणू?"

मी वर पाहिलं. आमच्या दारापासून रस्त्यापर्यंत एकही पायरी रिकामी नव्हती. ओळीने गणपती, सगळे डोळे उघडलेले. आणि त्यांच्यावर, चौकटीला धरून, माझी मुलगी.

बाबाजी पहिल्यांदा हसला नाही.  इतका मूर्ख मी कधी दिसलो नव्हतो आणि त्याची मला लाजही वाटत नव्हती. लाजायला आत जागाच उरली नव्हती. मला फक्त तिचे चौकटीवरचे हात दिसत होते. बोटं पांढरी पडली होती. मागच्या खेपेला दवाखान्याच्या बाकाची कड तिने अशीच धरली होती. आज उशीर झाला तर तो रिक्षामुळे झाला असं मला कोणी म्हणू देणार नव्हतं.

"बाबा," अंतरा दमाने म्हणाली, "गाडीची जागा रिकामी झाली ना? मग यांना परत खाली घ्या. वरच्यापासून घ्या. मी मागून येते."

इतकं सोपं होतं. आम्ही उलटे फिरलो. आमच्या दारासमोरची पायरी पहिली रिकामी झाली आणि अंतरा तिच्यावर उतरली, एका बाजूने श्यामला, दुसऱ्या बाजूने मूर्तींमधून वाट काढत वर चढलेल्या काशीबाई. खालची पायरी रिकामी झाली, ती आणखी एक उतरली. गणपती पुढे चालले होते आणि मुलगी मागून येत होती. मधेच कळ आली की ती थांबायची, आणि मग सगळी ओळ थांबायची. हातात मूर्ती घेऊन माणसं जागच्या जागी उभी, कोणी श्वास घेईना. काशीबाई तिच्या कमरेवर हात फिरवत म्हणायच्या, "जाऊ दे गो, जाऊ दे. घाई नाय कुनाला." ते खोटं होतं. घाई सगळ्यांना होती. वळणावर पुंडलिकशेठचा पाय घसरला, त्यांच्या हातातली मूर्ती भिंतीला आपटली आणि कान तुटून खाली पडला. त्यांनी त्या कानाकडे बघितलंसुद्धा नाही. "चला, चला," म्हणाले.

शेवटच्या पायरीवर मी होतो. माझ्या हातात एक मूर्ती दिलेली होती, फार मोठी नाही, पण पितांबर अजून ओला. अंतरा माझ्याजवळून गेली. मला वाटलं, आता ती काही म्हणेल. ती म्हणाली, "बाबा, ते पाडू नका."

मागच्या सीटवर तिला आडवं केलं, डोकं श्यामलाच्या मांडीवर. पुढच्या सीटवर मी बसणार होतो, पण काशीबाई आधीच बसल्या होत्या आणि त्या बसलेल्या बऱ्या, हे मलाही कळत होतं. धनेशने जांभई दिली, डोळे चोळले आणि गाडी अशी हळू नेली, जसं काही आत काचेचं सामान आहे.

मग काही करायचं उरलं नाही. थोर दोघं पुन्हा आत गेले. जिन्याचं तोंड मोकळं झालं. मी खांबाला टेकून उभा राहिलो. पुंडलिकशेठ बाकावर बसून तुटलेला कान ओला करून मूर्तीला जोडत होते. दोनदा जोडला, दोनदा गळला. पाऊस कमी झाला, पुन्हा वाढला. बाबाजीने दुकानातून हाक मारून चहा पाठवू का विचारलं. आम्हाला दोघांनाही नको होता.

"मास्तर," बऱ्याच वेळाने पुंडलिकशेठ म्हणाले, "भ्या वाटतंय?"

"हो."

"मला पन."

मला बरं वाटलं. "काळजी करू नका," मी म्हणालो, "डॉक्टरीणबाई हुशार आहेत."

"त्याचं नाय. मगासपासून मूर्ती तुमच्या हातात हाय, आनि हात कापतोय तुमचा."

मी खाली बघितलं. खरंच, मूर्ती माझ्या हातातच होती. अंगठे पितांबरात रुतून बसले होते. ठेवायची म्हटलं तर कुठे ठेवू ते कळेना, कारण गाडी ज्या कोपऱ्यात असायची तिथेही आता दाटीने गणपती बसले होते. मी ती तशीच धरून राहिलो. खरं सांगायचं तर मला ती सोडायची भीती वाटत होती. पोरीने पाडू नका म्हणून सांगितलेलं, एवढं एकच काम त्या वेळी माझ्या हातात होतं.

दिवे लागले. समोरच्या रस्त्यावर दिसणारा प्रत्येक उजेड आमचाच वाटायचा आणि पुढे निघून जायचा. शेवटी एक थांबला. धनेश उतरला आणि पावसातून पळत ताडपत्रीखाली आला. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही. त्याच्या चपलांकडे बघितलं. विचारलं ते माझ्याऐवजी पुंडलिकशेठनी.

"काय रे?"

"पोरगी," धनेश म्हणाला. "दोघी बऱ्या हायत. पोरगी तर काय वरडते, सगळा दवाखाना जागा केलान."

पुंडलिकशेठनी उठून माझ्या हातांतून मूर्ती सोडवून घेतली. अंगठे निघताना पितांबराचा रंग घेऊनच निघाले. ते म्हणाले, "ह्याला पुन्हा रंगवायला लागल." मी काहीतरी म्हणालो. काय, ते आठवत नाही.

धनेश आत डोकावला आणि थबकला. "काका, गाडी कुठं लावू? आत तर जागाच नाय."

"लाव कुठेही," मी म्हणालो. "राहू दे रस्त्यावर."

"भिजंल की."

"भिजू दे."

आणि मी दवाखान्याकडे निघालो. छत्री घेतली नाही, चप्पल घातली होती की नव्हती ते श्यामला नंतर ज्या तऱ्हेने सांगायची त्यावरून नसावी. पेणचे रस्ते मला नीट ठाऊक नव्हते, पण पाय चालत होते. बाजारात मखरांची दुकानं उघडी होती, लोक माझ्या पिवळ्या अंगठ्यांकडे बघत होते, आणि मला कोणाची भीती वाटत नव्हती. अर्ध्या वाटेवर मागून ओळखीचा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. मी सवयीप्रमाणे गटाराच्या कडेला झालो आणि मागे न बघता हाताने खूण करून गाडीला आधी जायला वाट दिली.